मारबत आमच्या दारी

त्या पावसाळ्यात आमच्या घराचं दार दिवसाही आतून लावलेलं असायचं. त्याआधी ते फक्त झोपताना लागायचं, आणि तेही कुत्रं आत शिरू नये म्हणून. टिनाचं दार, खालचा कोपरा गंजून झडलेला. वारा आला की ते स्वतःशीच वाजायचं आणि आम्हाला त्याची सवय होती. त्या वर्षी मात्र ते जरा जरी वाजलं तरी आम्ही तिघंही हातातलं काम थांबवून तिकडं बघायचो. आमचं गाव सौंसर तहसिलीतलं, रामाकोन्याहून आत. नाव मुद्दाम लिहीत नाही. ज्या माणसांबद्दल सांगायचं आहे ती, नाहीतर त्यांची लेकरं, अजून तिथंच राहतात, आणि त्यांच्यातल्या बऱ्याच जणांशी माझं आता बरं आहे.

घर म्हणजे एक खोली, पुढं ओसरी आणि मागं कुडाची न्हाणी. चुलीत पराटी जळायची. कापसाच्या वाळलेल्या झाडांना आमच्याकडं पराटी म्हणतात. ती भसकन पेटते आणि तशीच विझते, म्हणून माय दोन भाकरींच्या मधे चूल सारत बसायची. भाकर थापल्याचा आवाज, मग पराटी मोडल्याचा, मग पुन्हा थापल्याचा, अशा चालीवर माझी सकाळ व्हायची. वरण तुरीचं, कधी अंबाडीची भाजी, आणि ठेचा असा की बाबा तो खाताना एक शब्द बोलायचे नाहीत. तसेही ते कमीच बोलायचे. सौंसरला एका सरकारी गोदामावर ते चौकीदार होते. पहिल्या बसनं जायचे, दिवेलागणीला यायचे. मोठी बहीण लग्न होऊन काटोलकडं गेली होती. घरात दिवसभर मायलेकी दोघीच.

मायचं नाव अनसूया. संत्र्याच्या तोडीला जायची, कापूस वेचायला जायची, पण गावात तिची ओळख वेगळी होती. ती बाळंतिणींना शेकायची आणि बाळांना तेल लावून न्हाऊ घालायची. आम्ही बौद्ध, वस्ती गावाच्या खालच्या अंगाला, नाल्याजवळ. वरच्या गावातल्या काही घरांत तिला स्वयंपाकाच्या खोलीकडं बघायचीही मुभा नव्हती. पण त्याच घरातलं चार दिवसांचं लेकरू तिच्या पसरलेल्या पायांवर आणून ठेवायचे. ती लहानपणी मलाही सोबत न्यायची. ओव्याचा धूर, कोमट तेल, आणि तिचं ते शब्द नसलेलं गुणगुणणं. रडून लालबुंद झालेलं पोर तिच्या हाताखाली हळूहळू सैल पडायचं आणि तिथंच झोपायचं. गावातली बहुतेक पोरं तिच्या पायांवरून गेली आहेत, असं बायाच म्हणायच्या. तिला सगळे मावशी म्हणायचे.

मी बारावी झाले होते आणि संध्याकाळी विहारात वस्तीतल्या पोरांचा अभ्यास घ्यायचे. त्यावरून पांढुर्ण्याच्या शालिनीताई आमच्यापर्यंत आल्या. शाळेतून निवृत्त झालेल्या, व्यापाऱ्याच्या घरातल्या, किरकोळ अंगाच्या, आवाज बारीक. अंगणवाडीच्या ओसरीवर बसून त्यांनी विचारलं, की गावासाठी काही करावंसं वाटतं पण कसं करायचं ते समजत नाही, असं इथं कोण आहे. मायनं मागून मला ढोसलं आणि माझंच नाव सांगून टाकलं. वरच्या गावातून बेबीकाकूंनी हात वर केला. कुणब्याच्या घरातल्या, विधवा, थोड्याशा जमिनीत कापूस आणि तूर घेणाऱ्या, बोलायला फटकळ. आम्हा दोघींना दर महिन्याला दोन दिवस पांढुर्ण्याला जायचं होतं. शिकायचं काय, तर ग्रामसभेत प्रश्न कसा मांडायचा, तहसिलीत अर्ज कोणाकडं द्यायचा, दोन बाजू भांडत असल्या तर मधे कसं बसायचं. माणसं जमवून गावात काही बदलायचं असेल तर जे जे लागतं ते सगळं.

पांढुर्ण्याला स्टेशनच्या बाजूला कापसाचं एक जुनं गोदाम होतं, त्याच्या वरच्या हॉलात आमचं शिकणं चालायचं. आता पांढुर्णा जिल्हा झाला आहे, त्या रस्त्यावर कचेऱ्यांच्या पाट्या लागल्या आहेत, आणि गोदाम कुठं होतं ते मलाही पटकन दाखवता येत नाही. इटारसीकडं मालगाडी निघाली की खिडक्या वाजायच्या, आणि बोलणारा माणूस गाडी जाईपर्यंत थांबायचा. माझी पाळी आली की मी मनातल्या मनात गाडीची वाट बघायचे. मला सगळ्याचीच भीती वाटायची. वेगवेगळ्या गावांतल्या पुरुषांची, शुद्ध बोलणाऱ्यांची, आणि सगळ्यांत जास्त स्वयंपाकाच्या पाळीची. माझ्या हातची भाकर कोण खाईल, कोण नाही, ते सगळ्यांसमोर दिसणार होतं. पहिल्या दिवशी बेबीकाकूंनी उपास आहे म्हणून सांगितलं. दुसऱ्या दिवशीही त्या तेच म्हणाल्या, पण दुपारी पातोडीच्या रश्श्याचा वास सुटला तेव्हा ताट घेऊन माझ्यासमोर येऊन बसल्या आणि म्हणाल्या, ‘वाढ वं, देवाले समजते.’ त्यानंतर त्यांना कधी उपास आला नाही.

असं सगळं सुरळीत चाललं असताना देवरावकाकांचा नातू गेला.

देवरावकाका वरच्या गावातले, संत्र्याची थोडीबहुत झाडं असलेले, शांत स्वभावाचे. त्यांच्या सुनेचं, रेखाचं, पहिलंच बाळंतपण. बाळ महिन्याचंही झालं नव्हतं. एका सकाळी मायला बोलावणं आलं, ती गेली, बाळाला तेल लावलं, आणि घरी येऊन बाबांना म्हणाली की लेकराचं अंग तापलेलं आहे, त्याईले म्हटलं दवाखान्यात न्या. दुपारी बाळ गेलं. माय त्या दिवशी जेवली नाही. लेकरू गेलं की ती नेहमीच जेवत नसे.

आधी बोलावणी थांबली. आम्हाला वाटलं, दुःखाचं घर आहे, लोक थांबले असतील. मग हातपंपावर माय गेली की बाया अर्धे भरलेले हंडे उचलून निघू लागल्या. किराण्याच्या दुकानात एका बाईनं मायला बघून कडेवरचं पोर पदराखाली झाकलं. ते पोर त्याच वर्षी मायच्या पायांवरून गेलेलं होतं. त्यानं पदरातून डोकं काढून मायकडं बघून हसायचा प्रयत्न केला आणि बाईनं त्याला चापट मारली. बेबीकाकूंकडून मग समजलं, की देवरावकाकांचा भाऊ कुठल्याशा भगताकडं जाऊन आला होता. भगतानं नाव घेतलं नव्हतं. फक्त म्हणाला होता, नाल्याकडच्या घरातली, जिचा हात लेकरांवर फिरते ती. तेवढं पुरलं. गावात मागं गेलेली पोरं लोक आठवू लागले. कोणाचं गोवरानं गेलं होतं, कोणाचं साप चावून. सगळी मायच्या हाताखालून गेली होती, कारण गावातलं कोणतं पोर तिच्या हाताखालून गेलं नव्हतं?

एका सकाळी उंबऱ्यावर टाचण्या टोचलेलं लिंबू आणि कुंकवानं भरलेली चिंधी सापडली. मायनं ती झाडूनं नाल्यात लोटली आणि चुलीपाशी येऊन बसली. लिंबाला ती भीत नव्हती. ते ठेवायला कोणीतरी आमच्या दारापर्यंत आलं होतं, आणि आम्ही आत झोपलो होतो, याची तिला भीती वाटली. त्या दिवसापासून दाराला कडी लागली. मायचं गुणगुणणं बंद झालं. भाकरीही ती अशी हळू थापू लागली, की बाहेर आवाज जाऊ नये. मला याचीच सगळ्यांत जास्त भीती वाटायची. घरात माय आहे आणि तिचा आवाज नाही.

वस्तीतली माणसं आमचीच. दर रविवारी विहारात सोबत बुद्धवंदना म्हणणारी, असल्या गोष्टी मानत नाही म्हणून सांगणारी. ती काही वाईट बोलली नाहीत. फक्त येईनाशी झाली. वस्तीतले एक वडीलधारे बाबांना विहाराच्या मागं घेऊन गेले आणि म्हणाले, की काही महिने अनसूयाला माहेरी ठेव, वरच्या गावावर आपलं पोट आहे, तोडीचं काम बंद झालं तर वस्ती काय खाईल. बाबा घरी येऊन ओसरीवर टेकले. मग त्यांनी ते मायला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, ‘मी गेली तं खरं होते.’ बाबांनी पुन्हा तो विषय काढला नाही.

त्या महिन्यात पांढुर्ण्याला जायचं माझं मन नव्हतं. मायला एकटं टाकून कसं जावं? तिनंच मला बळेबळे धाडलं. बाबांनी दोन दिवसांची सुटी घेतली आणि मी बेबीकाकूंसोबत गेले. हॉलात बसून मी हे सगळं सांगितलं तेव्हा मधे एकही गाडी गेली नाही. सांगून झाल्यावर कोणी उपदेश केला नाही, हे मला अजून आठवतं. दूरच्या एका गावातल्या माणसानं सांगितलं, की त्यांच्याकडं एका बाईला असंच गावाबाहेर काढलं होतं, आणि तेव्हा तो स्वतः घरात बसून होता. मग शालिनीताईंनी सगळ्यांना उठवलं. मला हॉलच्या दारात उभं केलं आणि बाकीच्यांना सांगितलं, तुम्ही गर्दी. ते माझ्याकडं ओरडत चालत आले. सगळे ओळखीचे, सकाळीच ज्यांच्यासोबत चहा प्यायले होते ते. तरी मी पाठमोरी झाले आणि खाली बसले.

शालिनीताई माझ्याजवळ जमिनीवर बसल्या. म्हणाल्या, त्यांना स्वतःला अजूनही कोणत्याही सभेच्या आधी संडासला जावं लागतं, इतकं पोट बिघडतं. भीती घालवायचं औषध त्यांच्याकडं नव्हतं. मग त्या जे बोलल्या ते मी आजवर विसरले नाही.

‘गर्दीशी कोणालेच बोलता येत नाही, वंदना. गर्दीले कान नसते. तिच्यातला ओळखीचा एक माणूस पाहा, त्याले नावानं हाक मार. आणि काही सांगू नको. विचार.’

त्यांनी मला पुन्हा दारात उभं केलं. पुन्हा मी खाली बसले. तिसऱ्या खेपेला मी एका माणसाचं नाव घेतलं, इतक्या हळू की तो म्हणाला, काय? पण तो थांबला होता. सांगण्यासारखं शिकले ते एवढंच. परत येताना शालिनीताई आमच्याबरोबर पोलीस ठाण्यातही आल्या. तिथल्या माणसानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, अजून तर काही घडलं नाही ना.

पोळा आला. आमच्या भागात पोळ्याला दारोदारी पळसाच्या फांद्या ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मारबत निघते. काड्यांची आणि जुन्या लुगड्याची बाईएवढी बाहुली करतात, तिला वाजतगाजत गावाबाहेर नेतात, आणि रोगराई, खोकला, जे काही वाईट असेल ते घेऊन जा म्हणून ओरडतात. ‘ईडा पीडा घेऊन जा गे मारबत.’ लहानपणी मीही नाल्याच्या काठावर उभी राहून ओरडले आहे. मिरवणूक वरच्या गावातून निघून नाल्याच्या वरच्या अंगाला जायची, वस्तीत कधी यायची नाही. आम्ही तिचा आवाज जवळ येताना आणि मग दूर जाताना ऐकायचो.

त्या सकाळी बाबा कामावर गेले होते. सणाच्या दुसऱ्या दिवशी गोदामावर माणूस नव्हता, त्यांना जावंच लागलं. माय चुलीपाशी होती, मी ओसरीवर चिखलाचे पाय धूत होते. डफड्याचा आवाज नेहमीसारखा वरून आला, वळणावर आला, आणि मग दूर जायच्या ऐवजी मोठा होत गेला. मायनं चूल विझवली. तिनं पाणी ओतलं तेव्हा राखेचा फस्स आवाज झाला, आणि त्या आवाजानं मला समजलं की तिलाही समजलं आहे. वस्तीतली दारं लागत गेली, एकामागून एक, आमच्या दिशेनं. समोरच्या घरातल्या काकूंनी माझ्याकडं बघितलं आणि त्यांचंही दार लागलं.

माय धान्याच्या कोठीमागं जाऊन उभी होती. मला म्हणाली, ‘तू मागून निघ. विहारात जाऊन बस.’ मी तिला म्हटलं, मी बाहेर गेली की कडी लाव. मी दार उघडून बाहेर आले. लोक आता याला धैर्य म्हणतात, आणि मी दर वेळी सांगते की तसं नव्हतं. आत अंधारात थांबून तो आवाज जवळ येताना ऐकणं मला सहन होत नव्हतं. एवढंच. पाठीमागं कडी लागल्याचा आवाज आला आणि मला वाटलं, आता मलाही आत जाता येणार नाही.

ते गल्लीच्या तोंडाशी आले. पुढं मारबत. तिला हिरवं लुगडं नेसवलं होतं, माय नेसायची तसं, आणि तिच्या गळ्यात तेलाची बाटली बांधली होती. कोणाला काही सांगायचं राहिलंच नव्हतं. मागं माणसं, काहींच्या हातात पळसाच्या फांद्या, काहींच्या हातात नुसत्या काठ्या. ओरडणं तेच, दर वर्षीचं, पण शेवटचा शब्द ते आमच्या दाराकडं बघून म्हणत होते. माझी सलवार ओली झाली होती. मी भिंतीला पाठ लावली. मी चेहरे शोधू लागले. सगळे ओळखीचे होते आणि एकही ओळखू येत नव्हता, ओरडताना माणसाचं तोंड वेगळंच होतं. मग मारबतीच्या मागं मला देवरावकाका दिसले. त्यांना भावानं दंडाला धरून आणलं होतं. त्यांचं तोंड मिटलेलं होतं.

मी हाक मारली. आवाज निघाला नाही. पुन्हा मारली, तो फाटलेला निघाला, पण निघाला. ‘देवरावकाका.’

त्यांनी वर बघितलं. त्यांच्या बाजूचा डफडेवाला कोण बोलतं ते बघायला थांबला.

‘बाळाले ताप केव्हापासून होता?’

कोणीतरी म्हणालं, हिले बाजूले करा. भाऊ म्हणाला, हिच्याशी काय बोलून राहिले. देवरावकाका माझ्याकडंच बघत होते. मला आणखी काही सुचत नव्हतं, म्हणून मी तेच पुन्हा विचारलं. ‘काका, तुमच्याच मांडीवर होतं ना ते. केव्हापासून होता ताप?’

त्यांचे ओठ हलले. माझ्यासाठी नव्हतं ते उत्तर. मला वाटतं, इतक्या आठवड्यांत त्यांना हे कोणी विचारलंच नव्हतं. दवाखान्यात का नेलं नाही, हे त्यांच्या मनात होतं आणि भगतानं त्यावर माती टाकली होती.

‘आधीपासूनच होता,’ ते म्हणाले. ‘दूध घेऊन नव्हता राहिला. म्हणून तं तिले बोलावलं.’

हळूच म्हणाले, पण जवळच्यांनी ऐकलं. मागचे विचारू लागले, काय म्हणले, काय म्हणले. आधीपासून होता म्हणते, असं एकानं दुसऱ्याला सांगितलं, दुसऱ्यानं तिसऱ्याला, आणि ते वाक्य गल्लीत मागं मागं जाताना मी बघितलं. डफडं बंद पडलं. तेवढ्यात बाजूच्या बोळातून बेबीकाकू आल्या, हाताला पीठ, पदर खोचलेला, धापा टाकत. नंतर सांगत होत्या की आपण मारबत वळताना पाहिली आणि चुलीवरचं तसंच सोडून निघालो. त्या माझ्याकडं आल्याच नाहीत. सरळ देवरावकाकांपाशी गेल्या, त्यांच्या भावाचा हात त्यांच्या दंडावरून काढला आणि म्हणाल्या, ‘भाऊजी, घरी चाला. रेखा एकटीच आहे घरात.’ देवरावकाका लहान लेकरासारखे त्यांच्याबरोबर निघाले. ते निघाल्यावर ज्यांना निघायचं होतं त्यांना निघता आलं.

सगळे निघाले नाहीत. मागच्या काहींनी दगड मारले. टिनाच्या छपरावर ते असे वाजले की आत माय ओरडली, आणि तो तिचा आवाज मी त्या महिन्यात पहिल्यांदाच मोठ्यानं ऐकला. एक दगड माझ्या घोट्याला लागला. कोणीतरी मारबत आमच्या दारासमोर टाकली, मग कोणीतरी दुसऱ्यानं ती उचलून नाल्याकडं नेली. त्या ओढाताणीत बाटली फुटली. गल्लीच्या चिखलात तेलाचा वास होता, तो पुढचा पाऊस येईपर्यंत गेला नाही.

मी दार वाजवलं. माय उघडेना. मी किती वेळ ‘मी आहे, वंदना’ म्हणत होते कोणास ठाऊक. शेवटी कडी निघाली. तिनं मला आत ओढलं, कडी लावली आणि विचारलं, ‘गेले काय?’ मी हो म्हटलं. तिनं पुन्हा विचारलं. मग तिनं माझ्या पायांकडं बघितलं, न्हाणीत नेलं आणि मला अंघोळ घातली, एकोणीस वर्षांच्या मुलीला, डोक्यावरून तांब्या तांब्या पाणी.

पुढच्या आठवड्यात शालिनीताई आल्या, सोबत आमच्या वर्गातली बरीच माणसं आणि पांढुर्ण्याची एक डॉक्टरीण. अंगणवाडीसमोर बसून डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, की नवजात बाळाला ताप आला, त्यानं दूध सोडलं, तर एक दुपारही थांबायचं नसतं. ऐकायला फार लोक आले नाहीत. जे आले त्यांत देवरावकाका होते, सगळ्यांच्या मागं. दगड मारणाऱ्यांतल्या दोघांना ठाण्यातून बोलावणं आलं, समज देऊन सोडलं. आमच्याकडं येऊन कोणी चुकलं म्हटलं नाही. वस्तीतली माणसं एकएकटी येऊ लागली, कोणी वांगी घेऊन, कोणी नुसतं बसायला. ते वडीलधारे आले तेव्हा बाबांनी त्यांना पाणी दिलं.

हळूहळू हातपंप सुरळीत झाला. दोनेक वर्षांनी मायला बोलावणंही आलं. ती गेली नाही. हात दुखते म्हणाली. मरेपर्यंत तिनं पुन्हा कोणाचं लेकरू पायांवर घेतलं नाही. माझी मुलं झाली तेव्हा तेल माझ्या सासूनं लावलं, माय बाजूला बसून बघत होती. आता मीही शालिनीताईंसारखी शिबिरं घेते, पण हे तिथं सांगत नाही. तिथं लोकांना जिंकल्याची गोष्ट लागते, आणि मीही तीच सांगून येते. पण पन्नाशी ओलांडल्यावरही, वाजतगाजत काही येत असलं आणि आवाज ठरल्या ठिकाणी दूर गेला नाही, तर मी हातातलं सोडून उभी राहते. आता असली गोष्ट गावात पसरायला भगत लागत नाही, मोबाइल पुरतो, आणि तिथं नावानं हाक मारायला समोर चेहराही नसतो. शिकायला येणारी पोरं मला विचारतात की मग काय करायचं. मी त्यांना खरं सांगते, की मलाही अजून नीटसं समजलेलं नाही, चला, सोबत शोधू.

त्या वर्षीचं आणखी एकच सांगायचं राहिलं आहे. संत्री पिवळी व्हायला लागली होती. मी पांढुर्ण्याला निघाले होते, एकटीच, कारण बेबीकाकूंची तूर कापायला आली होती. रस्त्यावर बसची वाट बघताना पिंपळाच्या पलीकडं रेखा येऊन उभी राहिली. देवरावकाकांची सून. बाळ गेल्यापासून मी तिला घराबाहेर पाहिलंच नव्हतं. वाळून गेली होती. हातात पिशवी, माहेरी सौंसरला निघालेली. तिनं माझ्याकडं बघितलं नाही, मीही बघितलं नाही. आजूबाजूला गावातली माणसं होती. बस आली, ती मागच्या दारानं चढली, मी पुढच्या. तिच्या घरातल्या कोणी आम्हाला एका बसमध्ये पाहिलं तर तिला काय ऐकावं लागेल, आणि मला काय, हेच डोक्यात चाललं होतं.

रामाकोन्याला बाजाराची माणसं उतरली. गाडी अर्धी रिकामी झाली. कंडक्टरनं घंटी मारली, बस हलली, आणि ती मागून उठून माझ्या शेजारी येऊन बसली.

‘त्या दिवशी मले घरात ऐकू येत होतं सगळं,’ ती म्हणाली. ‘सासूनं बाहेरून कडी लावली होती.’

पुढं संत्र्याचे बगीचे एकामागून एक जात होते. सौंसर जवळ आलं तशी ती पिशवी मांडीवर घट्ट धरून, कोणी ऐकत नाही ना ते मागं वळून बघून, मला विचारू लागली, की तुम्ही दोघी जाता ते काय आहे, तिथं कोणालेही येता येते काय, लग्न झालेलीले येता येते काय. मी हो म्हटलं. ती उतरायला उठली, दोन पावलं गेली, आणि परत आली.

‘तिथं बोलावंच लागते काय?’

‘पहिल्या दिवशी कोणीच बोलत नाही,’ मी म्हटलं.

ती दारापाशी गेली. बस स्टँडमध्ये शिरली, थांबली, उतरणारे उतरले. ती तिथंच दांडी धरून उभी होती. कंडक्टरनं तिला विचारलं, उतरायचं नाही काय. ती मान हलवून मागं आली, माझ्या शेजारी बसली, आणि पांढुर्णा येईपर्यंत आम्ही दोघी एकमेकींचा हात धरून बसून होतो.